एका इरकलीतून दिवाळीच्या भेटी: बाळगोधडी, तोरण, अभ्रे आणि बटवे

कपाटाच्या तळाशी एक इरकल असतेच. नेसवत नाही, कारण टाचेपाशी काठ फाटलाय. देववत नाही, कारण ती आईची आहे. आमच्याकडची अशीच एक दर दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर यायची, सगळ्यांचा हात तिच्यावरून फिरायचा आणि ती परत आत जायची. एका वर्षी बोहारणीने तिच्या बदल्यात दोन वाट्या देऊ केल्या. मला राग आला आणि त्या रागातच मी कात्री काढली. (आईला विचारून. हे कंसातलं वाक्य विसरू नका. दुसऱ्याच्या साडीला परस्पर कात्री लावल्याने झालेली भांडणं मी पाहिली आहेत.)

त्या एका साडीतून एक बाळगोधडी, दाराचं तोरण, उशांचे दोन अभ्रे आणि दोन बटवे निघाले. कसे, त्याचा हिशेब इथे देते. कुठलीही सहावारी सुती साडी याच मापांनी चालेल. खरी जर असलेली पैठणी किंवा जुना शालू मात्र याच्यासाठी फाडू नका.

दसऱ्यानंतर लक्ष्मीपूजनाला साधारण २० दिवस मिळतात आणि तेवढे पुरतात. खंडेनवमीला मशीन पुसून, खालचा कचरा ब्रशने काढून, तेल घालून पूजा होतेच. त्या दिवशी सुईही नवी घाला. सुती कापडाला १४ नंबरची आणि रेशमी पदराला ११ नंबरची. रेशमावर जाड सुई चालवली तर टिपेच्या बाजूने भोकांची रांग उठते आणि धागे ओढले जातात.

आधी साडी वाचायची

यूट्यूबवर एखादी वस्तू आवडते आणि मग आपण तिच्यासाठी कापड शोधत बसतो. जुन्या साडीचं उलट आहे. कापड कुठे धड आहे ते आधी बघायचं आणि त्यात काय बसतं ते मग ठरवायचं.

पहिल्यांदा फॉल उसवा. टोकदार कात्रीने दर चार बोटांवर एक टाका कापत गेलात की उरलेला दोरा ओढून निघतो. ब्लेड वापरू नका, काठ चिरतो. फॉल टाकूनही देऊ नका. तो धुऊन वाळवून ठेवला की बटव्याच्या नाड्यांना कामी येतो.

आता साडी खिडकीच्या उजेडासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवा. जिथून उजेड जास्त येतो तिथे कापड विरलंय. त्या जागेवर साबणाच्या वाळलेल्या चिपेने गोल करा. जुने शिंपी खडूऐवजी हीच चीप वापरायचे आणि धुतल्यावर तिचा माग राहत नाही. विरलेल्या जागा जवळजवळ सगळ्या साड्यांत त्याच असतात: टाचेपाशी खालचा काठ, परकराच्या नाडीने घासलेली कंबरेची ओळ, निऱ्या खोचतो तिथलं वीतभर कापड आणि पदरावर पिनेची भोकं. आमच्या इरकलीच्या पदरावर एका भोकाभोवती गंजाचा तपकिरी ठिपका होता. तो कशानेही गेला नाही, म्हणून तेवढं कापड बाद.

नजरेने भागत नाही. संशय येईल तिथे दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड ताणा. बारीक ‘चर्र’ आवाज आला तर ते गोधडीच्या पोटातसुद्धा घालू नका, पहिल्याच धुण्यात आतल्या आत त्याचे गोळे होतील. कोल्हापूरकडची माझी आजी दुकानात नवं कापड घेतानाही असंच ताणून बघायची आणि दुकानदार कसनुसा हसायचा. “पोरी, सूत बघ आधी, रंग मागनं बघ,” हे तिचं पालुपद.

इरकलीची आणखी एक गंमत माहीत हवी. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावची ही साडी. तिचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी, आता बहुतेक कृत्रिम रेशमाचा. पदराचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगळा लावून तो अंगाच्या ताण्याला मागावरच फासे घालून जोडतात. म्हणून तिला टोपपदरी म्हणतात. नेसताना हा जोड डोळ्याला दिसत नाही, पण कापताना तो वस्तूच्या मधोमध आला तर अडचण होते. दोन्हीकडचं कापड धुण्यात सारखं आटत नाही आणि बरोबर त्या ओळीवर चुणी पडते. तेव्हा जोडाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असंच कापायचं.

हिशेब

आमची साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४६ इंच पन्ह्याची. दोन्ही काठ चार चार इंच. पदर ३० इंच. तुमची मापं थोडी वेगळी निघतील, ती आधी कागदावर मांडा.

पदर वेगळा केला की १८६ इंच अंग उरतं. दोन्ही बाजूंचे काठ अंगाचं अर्धा इंच कापड ठेवून, म्हणजे साडेचार इंच रुंद, लांबच्या लांब कापून घ्या. मधे ३७ इंच रुंदीचं साधं कापड राहतं. त्यातून ४४ इंचांचे तीन तुकडे गोधडीला गेले की १३२ इंच संपले. उरलेल्या ५४ इंचांत तोरणाची पाठ आणि अभ्र्यांच्या पाठी निघतात. वरचा धड काठ गोधडीच्या गोटाला, म्हणजे कडेभोवतीच्या पट्टीला, आणि खालच्या काठाचा न झिजलेला भाग तोरणाला. पदरातून अभ्र्यांचे दर्शनी भाग आणि बटवे.

तोरणाची पानं आणि अस्तरं यांना लागणारं कापड विकत आणायची गरज नाही. ओटीत आलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात पिशवीभर पडलेले असतात आणि एका घरातून दुसऱ्या घरात नुसते फिरत राहतात. त्यांना एकदाचं कुठेतरी शिवून टाकलं की ते फिरणं थांबतं.

रंग: इथे मी आपटले आहे

माझी पहिली गोधडी भाचीच्या बारशाला दिली होती. वर हिरवं अंग, लाल काठाचा गोट आणि पाठीला आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर. देताना सगळ्यांनी वाहवा केली. आठ दिवसांनी वहिनीचा फोटो आला: पांढऱ्या पाठीवर कडेने गुलाबी नकाशा उमटला होता. ती बिचारी म्हणाली, “अहो ताई, छान दिसतंय की, मुद्दाम केल्यासारखं!” तिचा तो समजूतदारपणा मला अजून टोचतो.

तेव्हापासून प्रत्येक कापडाची परीक्षा घेते. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून काठावर वीसेक वेळा घासायचा. फडक्याला रंग लागला, की ते कापड दोन-तीनदा वेगळ्या गार पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून परत परीक्षा. तरीही लागला तर ते कापड ज्याला फारसं धुणं पडणार नाही अशा वस्तूला, म्हणजे तोरणाला. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात. माझा अनुभव तसा नाही. भिजवा हवं तर, पण परीक्षा चुकवू नका.

कापायच्या आधी सगळी कापडं धुतलेली, खळ निघालेली आणि कडक इस्त्री केलेली हवीत. नवे ब्लाउजपीससुद्धा. न आटलेलं नवं कापड जुन्याला जोडलं की पहिल्या धुण्यात ते जुन्याला ओढून घेतं.

बाळगोधडी

सर्वांत जास्त वेळ हिलाच लागतो, म्हणून पहिल्या दिवशी हीच मांडा. तयार माप ३५ बाय ४२ इंच. कापताना ३७ बाय ४४, कारण धावदोऱ्याने कापड दोन्हीकडून इंचभर तरी आखडतं.

फरशी पुसून कोरडी करा. पाठीचं कापड उलट बाजू वर करून पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने फरशीला पक्क्या करा. त्यावर मधला थर पसरा, तळहाताने मधून कडेकडे सपाट करत न्या. मग वरचं कापड, सुलट बाजू वर. जाड हवी असेल तर मधे जुन्या धोतराचा किंवा पंचाचा आणखी एक थर घाला, पण चारच्या वर जाऊ नका. सुई निघत नाही आणि ऑक्टोबरात बाळाला एवढी ऊब कशाला? आता लांब लांब कच्चे टाके, वीत-वीत अंतरावर, उभे आणि आडवे. कंटाळवाणं काम आहे. मी एकदा ते टाळून नुसत्या टाचण्यांवर भागवलं, तर मधोमध पापडासारखा फुगा आला आणि सगळं उसवावं लागलं.

दोरा सुती आणि जाडसर घ्या, दुहेरी ओवा, पण हातभरच. लांब दोरा ओवला तर वेळ वाचतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो गुंतागुंत सोडवण्यातच जातो. सुई लांब आणि बारीक नेढ्याची. दाभण नको, त्याची भोकं उरतात. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी, घालाच.

पहिली ओळ कडेपासून दीड इंच आत सुरू करा आणि चौकोनात फिरत आत आत जा, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपासून इंचभर आत. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांत तेवढीच फट. एकेक टाका ओढत बसू नका. सुईवर चार-पाच टाके भरा आणि एकदम ओढा. ओढून झाल्यावर डाव्या हाताचा अंगठा त्या ओळीवरून फिरवा. तिथे चुणी लागली तर दोरा जास्त ताणलाय, तो तिथल्या तिथे सैल करा. पुढे गेल्यावर सुधारता येत नाही. गाठ वर कधीच दिसू द्यायची नाही: सुई दोन थरांच्या मधून आणून गाठ हलका हिसका देऊन आत ओढून घ्यायची.

इंच-इंच अंतरावरच्या सगळ्या ओळींची लांबी मिळून सुमारे ३७ मीटर होते. माझा वेग तासाला अडीच ते तीन मीटर, म्हणजे तेरा-चौदा तास. रोज संध्याकाळी तासभर बसलं तर दोन आठवड्यांत गोधडी हातावेगळी होते. अर्धा-अर्धा इंचावर ओळी घ्यायची हौस असेल तर हाच हिशेब दुप्पट. त्या गोधडीची सर कशालाच नाही, पण ती पुढच्या दिवाळीसाठी ठेवा.

शिवून झाल्यावर कच्चे टाके काढा आणि चारही बाजू पट्टीने आखून ३५ बाय ४२ वर छाटा. आता काठाचा गोट. घेर १५४ इंच, शिवाय जोडाला सहा इंच, म्हणजे १६० लागतो आणि आपल्याकडे १८६ आहे. काठाची बाहेरची किनार विणलेली असते, तिचे दोरे सुटत नाहीत. म्हणून ती बाजू न दुमडता गोधडीच्या पाठीमागे जाऊ द्या आणि कापलेली बाजू अर्धा इंच आत मुडपून पुढून बसवा. सुरुवात कधीही कोपऱ्यात करू नका, एका बाजूच्या मधोमध करा. कोपऱ्यात काठाची पाकिटासारखी तिरकी घडी घाला आणि ती हाताने तुरपा. काठ जरीचा असेल तर मात्र बाळाच्या गोधडीला तो लावू नका, कातडीला बोचतो. टिकल्या, मणी, घुंगरू यांपैकी काहीही नको. ते तोंडात जातं. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर गोधडी खाली अंथरून खेळवायला द्या. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण नसावं असं डॉक्टर सांगतात, तेही देताना सांगा.

तोरण

आमच्या दाराची चौकट ४० इंच. पट्टी तयार ४० बाय साडेतीन आणि खाली आंब्याची ११ पानं. पानं विषम संख्येत घ्या म्हणजे एक पान बरोबर मध्यावर येतं.

पानाचं पेपर कटिंग कागद उभा दुमडून करा, नाहीतर दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत. वर २ इंच सपाट, पोटात ३ इंच रुंद, लांबी ६ इंच, खाली टोक. कापडावर ठेवताना भोवती पाव इंच आणि वर अर्धा इंच जास्त ठेवा. असे २२ तुकडे लागतात. एका हिरव्या ब्लाउजपीसमध्ये ते निघतात. दोन वेगवेगळे हिरवे असतील तर पुढून एक आणि मागून एक घ्या, वाऱ्याने पान वळलं की छान दिसतं.

सुलटीवर सुलट ठेवून, वरची बाजू उघडी सोडून टीप मारा. टोकाशी आल्यावर सुई कापडात ठेवून एकदम वळू नका, एक टाका आडवा घ्या आणि मग वळा. ऐकायला चुकीचं वाटतं, पण पान उलटल्यावर टोक त्यामुळेच टोकदार येतं. टोकाजवळचं जास्तीचं कापड टिपेच्या अगदी जवळ छाटा आणि दोन्ही कडांना चार-चार बारीक कात्रे द्या. मग उलटून, टोपण लावलेल्या बॉलपेनने टोक हळूच बाहेर ढकला. इस्त्री करा आणि मधोमध पिवळ्या दोऱ्याने शीर काढा.

काठाची पट्टी ४१ इंच लांब घ्या. तिच्या मागे इस्त्रीने चिकटणारा कॅनव्हास ४० बाय साडेतीन इंचांचा लावा, नाहीतर दोन दिवसांत तोरण मधून लोंबतं. पट्टी सुलट बाजू वर करून ठेवा. पानं तिच्यावर उलटी, म्हणजे टोकं वरच्या दिशेला आणि सपाट बाजू पट्टीच्या खालच्या कडेला लावून मांडा. पहिलं पान बरोबर मध्यावर. बाकीची दोन्हीकडे, एका पानाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेतीन इंच. दोन्ही टोकांना एकेक इंच मोकळा राहील. त्यावर पाठीचं साधं कापड सुलट बाजू खाली करून ठेवा आणि खालच्या कडेने अर्धा इंच सोडून टीप मारा. आता दोन्ही पट्ट्या वर उलटल्या की पानं खाली सुटतात. ही टीप मारून पट्टी उलटायचा जो क्षण आहे ना, त्यासाठी मी दरवर्षी एक तरी तोरण शिवते.

वरची आणि बाजूंच्या कडा आत मुडपून, वरच्या कडेत नाडीचे पाच फास अडकवून कडेने टीप मारा. भाड्याच्या घरात खिळे ठोकता येत नसतील तर चिकटणारे हुक पुरतात, तोरण हलकं असतं. मात्र पट्टी आणि पानं मिळून साडेनऊ इंच खाली येतात. बसक्या चौकटीला पानाची लांबी चार इंचांवर आणा, म्हणजे भाऊबिजेला येणाऱ्या उंच भावाच्या कपाळावर पानं आपटणार नाहीत.

अभ्रे

१६ इंची उशीला पदराचा १७ बाय १७ चा तुकडा पुढे. मागे साध्या कापडाचे १७ बाय १२ चे दोन तुकडे. प्रत्येकाची एक १७ इंची कड अर्धा अर्धा इंच दोनदा मुडपून शिवायची. पुढच्या तुकड्यावर दोन्ही मागचे, सुलटीवर सुलट, मुडपलेल्या कडा मधे एकमेकींवर येतील असे ठेवायचे आणि चारी बाजूंनी अर्ध्या इंचावर टीप. ना चेन, ना बटण. पदर पातळ झाला असेल तर आतून सुती ब्लाउजपीस जोडा आणि इस्त्री नेहमी वर फडकं टाकून करा. पिनेची भोकं शिवणीत जातील असा तुकडा बेता.

बटवे

पदरातून अभ्रे कापल्यावर जी लांबट पट्टी उरते तिच्यात ८ बाय १० चे चार तुकडे बसतात, म्हणजे दोन बटवे. त्यात मोबाइल मावायला हवा असेल तर १० ऐवजी १२ घ्या आणि एकच करा.

बाहेरचा एक तुकडा आणि अस्तराचा एक, ८ इंची बाजूने अर्ध्या इंचावर जोडा. दुसरी जोडीही तशीच. आता १९ इंची दोन लांब पट्ट्या झाल्या. त्या सुलटीवर सुलट ठेवा, पदरावर पदर आणि अस्तरावर अस्तर, आणि भोवती अर्ध्या इंचावर टीप मारा. तीन जागा मात्र मोकळ्या सोडायच्या: अस्तराच्या तळाला तीन इंच, उलटण्यासाठी, आणि पदराच्या बाजूला, जोडापासून दीड इंचावर सुरू होऊन सव्वादोन इंचांवर संपणारी पाऊण इंचाची फट, दोन्हीकडे. घाईत ही फट राहून जाते आणि उलटल्यावर लक्षात येतं की नाडी ओवायला जागाच नाही. म्हणून मी ती आधीच साबणाने आखून तिथे दोन-दोन टाचण्या आडव्या लावते.

तळाच्या मोकळ्या जागेतून उलटा, ती जागा हाताने तुरपा, अस्तर आत ढकला. तोंडापासून दीड इंचावर एक आणि सव्वादोन इंचांवर एक अशा दोन गोल टिपा मारा. मधे नेफा तयार झाला. फॉलच्या पट्टीची चौपदरी घडी शिवून २२-२२ इंचांच्या दोन नाड्या करा. एक नाडी सेफ्टी पिनेने उजव्या फटीतून घालून पूर्ण फेरी मारून तिथूनच बाहेर, दुसरी डाव्या फटीतून तशीच. दोन्हीकडे ओढलं की बटवा मिटतो. टोकांना कतरणींचे लटकन लावा.

रिकामा बटवा आमच्याकडे देत नाहीत. आत एक रुपया आणि चार वेलदोडे असतात. प्रत्येक भेटीसोबत एक चिठ्ठीही असते: गार पाण्यात, वेगळं, हाताने धुवा. त्या गुलाबी नकाशानंतर ही चिठ्ठी आली.

टाचेपाशी फाटलेला काठाचा तुकडा मात्र यातल्या कशातच बसला नाही. त्याची मुठीएवढी पिशवी शिवून तिच्यात उरलेल्या सगळ्या चिंध्या बारीक कापून गच्च भरल्या. त्याची टाचण्यांची उशी झाली आणि ती मशीनशेजारी असते.